'दादा, तिखट कमी!' म्हटल्यावर भटारखान्यात नेमकं काय होतं? स्पेशल ऑर्डरची गोष्ट, वेटरच्या बाजूने

शनिवारची रात्र. साडेनऊ वाजलेत. बाहेर वेटिंगला पंधरा जण उभे आहेत. सात नंबरच्या टेबलावर आठ जणांचं कुटुंब बसलंय आणि ऑर्डर सुरू होते.

"एक पनीर बटर मसाला, पण तिखट अजिबात नको, छोटा खाणार आहे. एक व्हेज कोल्हापुरी, ती मात्र झणझणीतच हवी. आईंना कांदा-लसूण चालत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी बघा. चार रोट्या बिनबटरच्या, दोन बटर लावून, एक जरा कडक. टोमॅटो सूप वन बाय टू, त्यातल्या एकात क्रीम नको. आणि हो दादा, जरा पटकन हं!"

वेटर मान डोलावतो, "हो मॅडम" म्हणतो आणि आत जातो. आपण मोबाईल काढतो. वीस मिनिटांनी जेवण येतं. बहुतेक वेळा सगळं बरोबर असतं, कधीतरी क्रीम नको म्हटलेल्या सूपवर क्रीमचं गोल नक्षीकाम असतं आणि आपण वैतागतो, "साधी एक गोष्ट सांगितली होती!"

ती गोष्ट खरंच साधी असते का?

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका हॉटेलात मी सात महिने संध्याकाळच्या शिफ्टला वेटर होतो. त्या सात महिन्यांत एक गोष्ट कळली. मेन्यू कार्डवर जे छापलंय ते आणून देणं हे कामाचा सोपा भाग असतो. खरं काम सुरू होतं ते "पण" या शब्दानंतर. "एक मसाला डोसा, पण..." हा "पण" नेमका कुठे जातो, तो पाळणं कधी सोपं आणि कधी अशक्य असतं, आणि कधी त्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, तेच समजून घेऊया.

स्पेशल ऑर्डर म्हणजे काय?

मेन्यूवरच्या पदार्थात ग्राहकानं सांगितलेला कोणताही बदल म्हणजे स्पेशल ऑर्डर. वेटरच्या डोक्यात या मागण्यांचे साधारण पाच कप्पे असतात.

- चवीच्या मागण्या: तिखट कमी, डोसा कडक, चहात साखर कमी, मिसळीवर शेव वेगळी द्या.
- धर्म आणि उपवासाच्या मागण्या: जैन करा, कांदा-लसूण नको, उपवासाचं चालेल असं द्या, मटण हलाल आहे का?
- तब्येतीच्या मागण्या: मीठ कमी, तेल कमी, मैदा नको, दाणे चालत नाहीत.
- पैशांच्या मागण्या: सूप वन बाय टू, सांबार अजून आणा, बिल वेगवेगळं करा.
- हौसेच्या मागण्या: केक तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा, बरोबर बारा वाजता आणा, गाणं लावा.

ग्राहक हे सगळं एकाच सुरात सांगतो. "दाणे नकोत" आणि "कोथिंबीर नको" ही दोन वाक्यं ऐकायला सारखीच वाटतात. पण पहिल्यामागे कधी कधी हॉस्पिटल असतं आणि दुसऱ्यामागे फक्त आवड. यातला फरक ओळखणं हे वेटरचं काम आहे, आणि ते त्याला कुणी नीट शिकवलेलं असेलच असं नाही.

पूर्वी हा प्रश्न होता का?

खाणावळीत नव्हता. तिथे त्या दिवशी जे शिजलं तेच ताटात यायचं. फार तर "भाकरी की चपाती" एवढीच निवड. आजही अनेक खाणावळी याच पद्धतीनं चालतात.

इराणी आणि उडुपी हॉटेलांनी मात्र ग्राहकाची छोटी-छोटी आवड जपायची सवय लावली. 'पानी कम' चहा, कटिंग, इडली सांबारात बुडवून की सांबार वेगळं, डोसा मऊ की कडक, हे सगळं तिथलंच. या सूचना टिकल्या, कारण त्या कमी शब्दांत मावतात आणि शेवटच्या मिनिटाला अमलात आणता येतात.

अमेरिकेत १९७४ साली बर्गर किंग या कंपनीनं 'बर्गर तुम्हाला हवा तसा' या आशयाची जाहिरात मोहीम सुरू केली आणि ती प्रचंड गाजली. ग्राहकाचा हट्ट पुरवणं हीच जाहिरात झाली. पण बर्गर ऑर्डर आल्यावर रचला जातो. लोणचं नको असेल तर ते ठेवायचंच नाही, विषय संपला. आपली ग्रेव्ही, बिर्याणी किंवा आमटी अशी रचली जात नाही, ती शिजते. फरक इथे पडतो.

ऑर्डर टेबलापासून कढईपर्यंत कशी जाते?

वेटर ऑर्डर पॅडवर लिहितो किंवा मोबाईलसारख्या मशीनवर टाकतो. तिथून केओटी निघतो, म्हणजे भटारखान्यासाठीची ऑर्डरची चिठ्ठी. मोठ्या हॉटेलात भटारखान्याचे विभाग असतात: तंदूर वेगळा, करी वेगळी, चायनीज वेगळं, साऊथ इंडियन वेगळं. सात नंबरच्या टेबलाची ऑर्डर त्यामुळे तीन-चार माणसांत विभागली जाते. पदार्थ तयार झाले की ते 'पास'वर येतात. पास म्हणजे भटारखाना आणि हॉल यांच्यामधला ओटा. तिथून वेटर उचलतो आणि टेबलावर नेतो.

या प्रवासात सूचना हरवण्याच्या चार जागा आहेत.

पहिली, मशीन. पदार्थाचं नाव एका बटणावर येतं, पण "आईंना कांदा-लसूण नको, बाकीच्यांना चालेल" यासाठी बटण नसतं. ते रिमार्कमध्ये टाईप करावं लागतं. हॉल भरलेला असताना माणूस कमीत कमी शब्द वापरतो. "छोटा खाणार आहे, अजिबात तिखट नको" याचं "लेस स्पायसी" होतं.

दुसरी, भाषा. ग्राहक मराठीत बोलतो. वेटर उत्तराखंडचा किंवा नेपाळचा असेल तर तो मनात हिंदी करतो. मशीनवर इंग्रजी टाईप होतं. करीवरचा कुक ओडिशाचा असू शकतो, त्याला ते कुणीतरी हिंदीत ओरडून सांगतं. म्हणजे एका "सपक करा"ला तीन भाषा ओलांडाव्या लागतात.

तिसरी, माप. 'मिडीयम तिखट' म्हणजे किती? कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांचं मिडीयम आणि सदाशिव पेठेतल्या आजींचं मिडीयम यांत एक अख्खी वाटी तर्रीचा फरक असतो. कुकला ग्राहक दिसत नाही, चिठ्ठी दिसते.

चौथी, पास. पासवर दोन पनीर बटर मसाला शेजारी शेजारी ठेवलेत. एक तिखट नसलेला, एक नेहमीचा. दोन्हींचा रंग तोच, वरचं क्रीम तेच. घाईत कोणी चुकीचा उचलला की भटारखान्यानं केलेली सगळी मेहनत पाण्यात.

आमचा जुना कॅप्टन यावर एक साधा उपाय करायचा. वेगळ्या केलेल्या प्रत्येक वाटीच्या ताटलीत तो लिंबाची उभी फोड ठेवायला लावायचा. नेहमीच्या पदार्थाला आडवी, स्पेशलला उभी. त्या सात महिन्यांत मी पाहिलेली ही सगळ्यात भरवशाची यंत्रणा होती.

काय बदलता येतं आणि काय नाही?

सोपा नियम असा आहे: जे शेवटी पडतं ते काढता येतं, जे आधी शिजलंय ते काढता येत नाही.

हॉटेलात पदार्थ घरासारखा शून्यापासून बनत नाही. तसं केलं तर एका भाजीला पाऊण तास लागेल. म्हणून सकाळीच दोन-तीन मूळ ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यात तयार होतात: टोमॅटोची लाल, काजूची पांढरी, कांद्याची तपकिरी. संध्याकाळी ऑर्डर आली की त्यातली एक-दोन पळी घेऊन, फोडणी देऊन, पनीर किंवा भाज्या घालून दहा मिनिटांत भाजी तयार होते.

त्यामुळे सहज करता येणारे बदल असे:

- वरून पडणारं क्रीम, लोणी, कोथिंबीर, शेव, चाट मसाला टाळणं
- तिखट वाढवणं
- डोसा, रोटी कडक किंवा मऊ करणं
- तर्री, चटणी, सांबार वेगळं देणं
- ताज्या रसात किंवा चहात साखर न घालणं

आणि हे अवघड किंवा अशक्य:

- तयार ग्रेव्हीतून कांदा-लसूण काढणं
- दम बिर्याणीचं तिखट कमी करणं (ती हंडी सकाळी किंवा दुपारीच लागलेली असते)
- मॅरिनेट केलेल्या टिक्क्यातलं दही किंवा मिरची कमी करणं
- मिसळीच्या कटातून तिखट काढणं
- सामाईक कढईत तळलेल्या पदार्थाला 'फक्त उपवासाचं तेल' देणं

"तिखट कमी करा" म्हटल्यावर ग्रेव्हीतली मिरची बाहेर निघत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. कुक तिच्यात क्रीम, दूध, काजूची पेस्ट किंवा थोडी साखर घालतो. तिखटपणा दबतो, पण भाजी गोडसर होते. मग ग्राहक म्हणतो, "गोड का लागतेय?" त्याचं उत्तर हेच आहे: तुम्ही तिखट कमी सांगितलं होतं म्हणून.

'जैन करा' ही मागणी वेगळी का आहे?

जैन आहारात बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट असे जमिनीखाली वाढणारे कंद वर्ज्य असतात. ओलं आलं चालत नाही, पण सुंठ चालते. ओली हळद चालत नाही, पण वाळवलेल्या हळदीची पूड चालते. शिवाय अनेक जैन कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणून काही भागांत हॉटेलांची संध्याकाळची गर्दी लवकर सुरू होते.

मुंबईसारख्या शहरात ही मागणी इतकी नेहमीची आहे की तिची सोय भटारखान्यातच झाली आहे. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं पडतं. बऱ्याच हॉटेलांत कांद्याशिवायची टोमॅटो-काजूची ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात तयार असते. तिथे "जैन" हा एकच शब्द पुरतो.

जिथे अशी सोय नाही तिथे वेटर कात्रीत सापडतो. "होईल" म्हणावं तर भटारखाना शिव्या घालतो. "नाही" म्हणावं तर टेबल उठून जाईल, मालक विचारेल. अशा वेळी काही ठिकाणी कांदा दिसणार नाही एवढीच काळजी घेतली जाते. ग्रेव्हीत तो असतोच. समोरच्या माणसाच्या श्रद्धेशी केलेली ही फसवणूक आहे, यात शंका नाही. पण तिचं मूळ बहुतेकदा "नाही" म्हणायची मुभा नसलेल्या वेटरमध्ये असतं.

आपल्याकडे चातुर्मासात, श्रावणात, एकादशीला कांदा-लसूण न खाणारी घरं भरपूर आहेत. त्यांची मागणी जैन नसते, त्यांना बटाटा चालतो. म्हणून "जैन" आणि "कांदा-लसूण नको" हे वेटरनं वेगवेगळं लिहायला हवं. घाईत दोन्हीला "जैन" लिहिलं की आजींच्या ताटातला बटाटाही जातो.

'अजिनोमोटो नको' म्हटल्यावर काय होतं?

चायनीज मागवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव वेगळी ओळखली. ग्लुटामेट टोमॅटोमध्येही नैसर्गिकरीत्या असतं.

कुक काय करतो? कढईत वरून टाकायची चिमूट टाळतो. पण स्टॉकमध्ये, तयार सॉसमध्ये किंवा मसाल्याच्या पुडीत ते आधीच असेल तर ते पदार्थात राहतंच. म्हणजे तुमची सूचना पाळली जाते, पण अर्धीच. वेटरला हे माहीत असतं का? बहुतेक वेळा नसतं. बाटलीमागचं बारीक लेबल वाचायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आवड नाही की त्रास होतो? इथे जीव जाऊ शकतो

माझ्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका टेबलावर वडील आणि त्यांची कॉलेजमधली मुलगी. दोन मराठी थाळ्या सांगितल्या. मुलगी म्हणाली, "माझ्या थाळीत दाणे नकोत." मी "नो पीनट" टाकलं आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

भटारखान्यानं तिच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी काढली. झालं काम. ताट पासवर आलं, मी उचललं. तेवढ्यात कॅप्टननं चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, "आवड नाही की त्रास होतो?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

परत जाऊन विचारलं. ती म्हणाली, "घसा सुजतो. लहानपणी एकदा ॲडमिट करावं लागलं होतं."

ताट खाली ठेवलं आणि एकेक वाटी पाहिली. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट. भरल्या वांग्याच्या मसाल्यात कूट. आमटीची फोडणी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची. दिसणारा दाणा एकही नव्हता, आणि ताटात जवळपास सगळीकडे दाणा होता. मराठी स्वयंपाकाची ही खासियतच आहे. कूट आपल्याला घटक वाटतच नाही, मिठासारखा गृहीत असतो.

कॅप्टन स्वतः टेबलाशी गेला आणि म्हणाला, "ताई, ही थाळी आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही. वेगळ्या भांड्यात तुपाच्या फोडणीचं वरण, साधा भात आणि दही करून देतो. चालेल?" वडील आधी चिडले, कारण अर्धा तास गेला होता. मग कॅप्टननं कशाकशात कूट होता ते सांगितलं आणि ते गप्प झाले.

त्या रात्री मी झोपलो नाही. कॅप्टननं ती चिठ्ठी वाचली नसती तर?

अन्नाची तीव्र ॲलर्जी म्हणजे ॲनाफिलेक्सिस काही मिनिटांत होऊ शकते. घसा आणि श्वासनलिका सुजते, रक्तदाब घसरतो. त्यासाठी अगदी थोडंसं प्रमाणही पुरेसं ठरू शकतं. दाणे भाजल्यानं किंवा शिजवल्यानं धोका जात नाही. अशा वेळी ॲड्रेनालीनचं इंजेक्शन आणि तातडीनं हॉस्पिटल हाच उपाय असतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करायचा.

हे किती गंभीर आहे याचं एक उदाहरण ब्रिटनमधलं. २०१७ मध्ये ओवेन केरी हा मुलगा आपला अठरावा वाढदिवस साजरा करायला लंडनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये गेला. त्याला दुधाची ॲलर्जी होती आणि त्यानं ती कर्मचाऱ्यांना सांगितली होती. पण त्यानं मागवलेलं चिकन ताकात मुरवलेलं होतं आणि मेन्यूवर तसा उल्लेख नव्हता. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याआधी २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूज या पंधरा वर्षांच्या मुलीचा विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधल्या तिळामुळे मृत्यू झाला होता. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावानं ओळखला जाणारा 'नताशाज लॉ' १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे लागू झाला आणि दुकानात बनवून आधीच पाकिटबंद केलेल्या पदार्थांवर सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं.

आपल्या भटारखान्यातले लपलेले घटकही लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- हिंग: बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ग्लुटेन न चालणाऱ्यांना हे माहीत हवं.
- सोया सॉस: पारंपरिक सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू असतो.
- पंजाबी भाज्या: ग्रेव्ही दाट करायला काजू किंवा मगज वापरतात.
- तळणीचं तेल: एकाच कढईत कोळंबी, पनीर आणि बटाटा तळला जाऊ शकतो.

आणखी एक गोंधळ दुधाचा. दूध पचत नाही म्हणजे पोट बिघडतं, त्रास होतो. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, ती जीवावर बेतू शकते. "दूध चालत नाही" एवढंच सांगितलं तर वेटरला यातलं काय ते कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे लेबलिंग आणि डिस्प्लेबाबतचे २०२० चे नियम आहेत. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा रेस्टॉरंटनी मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरीज आणि ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची माहिती देणं त्यात बंधनकारक केलं आहे. ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, दूध आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त सल्फाइट हे त्यातले मुख्य घटक आहेत.

मेख अशी की आपण आठवड्याला ज्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो त्याच्या दहा शाखा नसतात. तिथे मेन्यूवर ही माहिती बहुधा सापडत नाही. तिथे माहितीचा एकमेव स्रोत म्हणजे समोर उभा असलेला वेटर. आणि तो कदाचित गेल्याच आठवड्यात कामाला लागलाय.

वन बाय टू, एक्स्ट्रा सांबार आणि टीप

आता जरा हलका विषय. सूप वन बाय टू म्हणजे वेटरसाठी दोन वाट्या, दोन चमचे, दोन फेऱ्या आणि बिल एकाचंच. तरीही यावर वेटर फारसे चिडत नाहीत. आम्हाला ते नेहमीचं असतं. अवघड असतं ते सगळं एकेक करून मागणं. "लिंबू आणा." आणलं. "कांदा आणा." आणला. "आता मीठ." प्रत्येक वेळी आत-बाहेर. सहा टेबलं सांभाळणाऱ्या माणसासाठी एका टेबलाच्या पाच फेऱ्या म्हणजे बाकी पाच टेबलांचा खोळंबा.

या जादा कामाचे पैसे वेटरला मिळतात का? पगारात त्याचा वेगळा हिशोब नसतो. मिळाली तर टीप. इथे सर्व्हिस चार्ज आणि टीप यांत गल्लत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली. रेस्टॉरंट संघटना कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही तत्त्वं योग्य ठरवली. म्हणजे सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. सक्ती झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.

पण सर्व्हिस चार्ज काढून घेतला आणि टीपही दिली नाही, तर त्या पाच फेऱ्या फुकटच झाल्या. निर्णय तुमचा आहे, फक्त हिशोब माहीत असावा.

चूक झाली तर भुर्दंड कोणाला?

परत आलेली भाजी कुणाच्या खात्यात जाते, हा भटारखान्यातला रोजचा वाद. कुक म्हणतो, "चिठ्ठीवर नव्हतं." वेटर म्हणतो, "मी ओरडून सांगितलं होतं." चांगली हॉटेलं ती नुकसानात धरतात आणि विषय सोडतात. काही ठिकाणी मात्र ते पैसे वेटरच्या पगारातून कापले जातात. कायद्यानुसार कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही. पण महिन्याच्या शेवटी हातात कमी पैसे आले तर हॉटेलच्याच खोलीवर राहणारा, गावाकडे पैसे पाठवणारा मुलगा कुणाकडे दाद मागणार?

याचा परिणाम ग्राहकावरही होतो. चूक कबूल केली की पैसे कापले जातात, हे माहीत असलेला वेटर चूक लपवतो. क्रीम चमच्यानं काढून तेच सूप परत आणतो. सूपच्या बाबतीत ते फार तर चीड आणणारं आहे. दाण्याच्या बाबतीत ते जीवघेणं ठरू शकतं.

ॲपवरून मागवताना

स्विगी, झोमॅटोवर सूचना लिहायची जागा असते. ती सूचना हॉटेलच्या स्क्रीनवर किंवा चिठ्ठीवर येते. पण इथे मधला माणूसच गायब झालेला असतो. "आवड नाही की त्रास होतो?" हे विचारायला कोणी नसतं. डिलिव्हरी करणाऱ्याला बंद पाकिटात काय आहे ते माहीत नसतं, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. गंभीर ॲलर्जी असेल तर ॲपवरच्या दोन ओळींवर विसंबू नका. हॉटेलला फोन करा, नाहीतर तो पदार्थ टाळा.

मग ग्राहक म्हणून काय करायचं?

- महत्त्वाचं आधी सांगा. सात सूचनांच्या शेवटी ॲलर्जी सांगू नका. मेन्यू उघडायच्या आधी सांगा.
- कारण सांगा. "दाणे नकोत"ऐवजी "दाण्यांची ॲलर्जी आहे, हॉस्पिटलला जावं लागतं" असं सांगा. भटारखाना वेगळं भांडं तेव्हाच काढतो.
- पर्याय विचारा. "हे जैन होईल का?" याला दबावाखाली "हो" येतं. "जैनमध्ये तुमच्याकडे काय चांगलं आहे?" याला खरं उत्तर येतं.
- माप द्या. "लहान मूल खाणार आहे" हे "तिखट कमी"पेक्षा स्पष्ट आहे.
- एकदम सांगा. लिंबू, कांदा, मीठ एकाच फेरीत.
- वेटरला परत म्हणून दाखवायला सांगा. चुका तिथेच पकडल्या जातात.
- "नाही" ऐकून घ्या. "हे होणार नाही" म्हणणारा वेटर उद्धट असेलच असं नाही. बऱ्याचदा तोच सगळ्यात प्रामाणिक असतो.

हॉटेल मालकांनाही एक सांगणं आहे. कुठल्या पदार्थात कूट, काजू, मैदा, दूध आहे याची एक यादी भटारखान्याच्या दारावर लावा. एक कागद, एक चिकटपट्टी. यापेक्षा स्वस्त विमा मिळणार नाही.

नोकरी सोडून मला काही वर्षं झाली. आता मी टेबलाच्या या बाजूला बसतो. पण कुणी "हे नको" म्हटलं की अजूनही तोंडातून निघून जातं, "आवड नाही की त्रास होतो?" मित्र हसतात. मागच्या महिन्यात एका हॉटेलात माझ्या आधी वेटरनंच तो प्रश्न विचारला. त्या दिवशी टीप जरा जास्त ठेवली.